क्रोमच्या खाली

एप्रिलचा तिसरा आठवडा. सडबरीत बर्फ आता
फक्त कुंपणाच्या सावलीत उरलाय,
कोळशाच्या राशीसारखा काळा.
शेडचं दार फुगलेलं, लाथेनंच उघडलं.
ब्यूक तशीच उभी,
चाकांवर दोन हिवाळ्यांपूर्वीचं मीठ.

रोझेर तिला पहिला बर्फ पडायच्या आत झाकून ठेवायचा.
त्या डिसेंबरात मात्र तिच्यातूनच गेला इस्पितळात,
स्वतः चालवत, माझं न ऐकता,
रस्त्याभर मिठाचा चिखल.
"चाकं बघ," मी म्हटलं.
म्हणाला, "जाऊ दे. धुता येतील."

कुणाला, ते नाही बोलला.

छत्तीस वर्षं मला त्या चाकांना हात लावायची बंदी.
म्हणे, तुझ्या घासणीनं ओरखडे पडतील.
माझ्या पातेल्यांवर पडलेले चालायचे.

आज चार वाजता गिऱ्हाईक यायचंय.

आधी नुसतं पाणी. मग साबण.
मग टूथब्रश, त्याचाच,
हिरवा, केस फाकलेला.
ब्रेकची पूड निघते ती चहाच्या चोथ्यासारखी,
संपतच नाही मेली.
डांबराला रॉकेलचं फडकं.
नटांच्या खोबणीत काडीला कापूस गुंडाळून,
जसं बाळाचं नाक साफ करतात.
आणि गंजाला, ज्यात मी बटाटे भाजते
तो चांदीचा कागद, चुरगळून, पाण्यात बुडवून,
हलक्या हातानं, गोल गोल.
हे त्याच्याकडे चोरून बघून शिकले,
स्वयंपाकघराच्या खिडकीतून.

गुडघ्याखाली उशी घेतली तरी दुसऱ्या चाकाला
नाकीनऊ आले.

तिसऱ्यावर एका जागी क्रोम उडालंय.
नखाएवढं.
खाली पिवळट झाक, उबदार,
दुधावरच्या सायीसारखी.
ते निकेल.
रोझेर सांगायचा पाहुण्यांना, बिअर दोन झाल्या की:
क्रोम म्हणजे नुसता कांद्याचा पापुद्रा.
लोक ज्याला चमक म्हणतात ना,
ती खालून आम्ही वर धरलेली असते.
पाहुणे हसायचे. मी बशा उचलायची.

एकतीस वर्षं खाणीत.
त्याच्या कानामागं एक काळी रेघ होती,
रविवारच्या आंघोळीलाही न हटणारी.
मी ओला टॉवेल घेऊन गेले की मान झटकायचा.
इस्पितळात एका नर्सनं
दोन मिनिटांत काढली.
कशानं, ते विचारायचं राहून गेलं.

तो पिवळा ठिपका मी घासला नाही.
त्याच्या कडेकडेनं गेले.

चारला पोरगा आला, ट्रिस्टन नावाचा, टोपी उलटी.
बॉनेट उघडलं, वाकून वास घेतला, 
"भारी ठेवलीय," म्हणाला.
चाकांकडं पाहिलंसुद्धा नाही.
मीच म्हटलं, "सकाळपासून घासतेय."
"अरेरे," तो म्हणाला, आणि खरंच ओशाळला,
"ती तर मी काढणारच आहे. काळी बसवणार. मॅट."

मला हसू आलं. आधी नाकातून,
मग असं की शेडची भिंत धरावी लागली.
पोरगा घाबरला.
पैसे तेवढेच दे म्हटलं, चाकं मात्र इथंच उतरव.

शनिवारी तो आपली काळी चाकं घेऊन आला, जॅक लावला,
तासाभरात गाडी गेली.
वळणावर तिचा आवाज दोनदा ऐकू आला,
की माझे कान वाजले.

आता तीन चाकं शेडमध्ये, भिंतीला टेकून.
दार उघडलं की तिन्हींत मी दिसते,
तोंड पसरट, पाय आखूड.
चौथं, ठिपक्याचं,
टायर काढवून अंगणात खिळ्यावर टांगलंय.
बागेचा पाइप गुंडाळायला बरं पडतं.
पाणी ठिबकतं त्यावर दिवसभर.
गंजेल, माहीत आहे.
घासायचा ब्रश अजून आहे माझ्याकडं.